वेंगुर्ला रोडच्या टोकाला

बेळगावात हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण सगळे वेंगुर्ला रोड म्हणतो. त्या रस्त्यावर आपली भाजी होते, मुलांची शाळा होते, बँकेची कामे होतात. पण त्याचे दुसरे टोक किती जणांनी पाहिले आहे? समुद्र पाहायचा म्हटले की गाड्या गोव्याकडे वळतात, आणि जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरचे वेंगुर्ले राहून जाते.

आम्ही गेलो ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मुद्दाम मंगळवार-बुधवार धरून. नाताळ आणि नव्या वर्षाची गर्दी पांगलेली असते, मे महिन्याची यायला अवकाश असतो. लॉजमध्ये आमच्याशिवाय एक औषध कंपनीचा माणूस होता, तेवढाच. बरोबर आमची लेक आणि सासूबाई. त्यांना मी अत्ती म्हणते. माहेर आणि सगळे आयुष्य धारवाडचे, बेळगावची मराठी कळते, पण बोलताना दहात चार शब्द कन्नड. आंबोलीत त्या शाल घट्ट लपेटून बसल्या होत्या. सावंतवाडी ओलांडली तशी शाल मांडीवर आली आणि वेंगुर्ल्यात पोचल्यावर त्यांनी पंखा लावायला सांगितला.

गावातली डच वखार पाहायला निघालो तेव्हा लेक म्हणाली, "म्हणजे लाकडाची?" वखार म्हणजे जळाऊ लाकूड, एवढेच आपल्या मुलांना ठाऊक. ही वखार व्यापाराची, आणि तशीच लढाईचीही. वेंगुर्ले तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होते. १६३७ मध्ये डचांनी विजापूर दरबाराकडून इथे बस्तान बसवण्याची परवानगी मिळवली. पोर्तुगीजांचा गोवा समुद्रातून कोंडून धरायचा होता, आणि त्या गलबतांना पाणी, धान्य, दुरुस्ती पुरवायला जवळच जागा हवी होती. मी हे सांगत होते तर अत्ती मध्येच म्हणाल्या, "विजापूरचा बादशहा म्हणजे आमच्याकडचाच की!" धारवाडही त्याच राज्यात होते, तेव्हा त्यांचे म्हणणे खरेच आहे. आम्ही पाहिली तेव्हा वखारीवर छप्पर नव्हते. जाड भिंती आणि कमानी उभ्या होत्या, भिंतीत झाडांनी मुळे घातली होती. दुपारच्या उन्हात तिथे आम्ही तिघी आणि एक शेळी, एवढेच होतो.

पुढे १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि आपला संबंध घट्ट झाला. बेळगावच्या कॅम्पातले गोरे शिपाई मुंबईहून जहाजाने वेंगुर्ल्याला उतरत आणि तिथून घाट चढत. आधी रामघाटाची वाट होती, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीच्या बाजूने चांगला गाडीरस्ता झाला. घाटावरचा माल बैलगाड्यांनी खाली जाई, मुंबईचा माल वर येई. आपल्या वेंगुर्ला रोडचे नाव त्या दिवसांचे आहे. मग १८८७-८८ च्या सुमारास बेळगावला रेल्वे आली, लोंढ्यावरून मार्मागोव्याच्या बंदराशी जोडली गेली, आणि गाड्यांची रांग आटली.

बंदरावर उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या थंडीला आपण आज इथला रिकामा काळ म्हणतो, तोच या गावाचा भर हंगाम होता. पावसाळ्यात बंदर बंद. दिवाळीनंतर समुद्र निवला की गलबते सुटत, तिकडे घाटावर सुगी झालेली असे, आणि पौष-माघात बैलगाड्या बंदराला लागत. अत्तींच्या आजोबांच्या घरी मीठ 'खालून' यायचे, असे त्या सांगतात. कुठल्या गावाहून, ते त्यांना माहीत नाही. शिरोड्याची मिठागरे इथून जवळच. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, त्याच साली आपल्या कर्नाटकात अंकोल्यालाही झाला. कोकणचे मीठ लमाण आपल्या बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवत आणि परत येताना धान्य आणत. त्या लमाणांची भाषा ना मराठी, ना कन्नड. दोन्हीकडच्या चुलीवर मीठ मात्र त्यांचेच.

गावाचे इतर हंगाम अजूनही थंडीतच येतात. आंब्याला आणि काजूला मोहोर असतो. सकाळी किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढायला दोन्ही दोरांना माणसे लागतात. हवा स्वच्छ असली की वायव्येला समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटे दिसतात. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे.

काजूच्या दुकानात गंमत झाली. अत्तींनी विचारले, "गोडंबी कशी दिली?" दुकानदार बुचकळ्यात पडला. "गोडंबी बिब्ब्याची, आजी. ती आमच्याकडे नाय गावाची. काजूगर होये तर सांगा." कन्नडमध्ये गोडंबी म्हणजेच काजू, हे त्याला सांगितल्यावर तो स्वतःशीच दोनदा तो शब्द म्हणून हसला. गिऱ्हाईक नव्हतेच, मग त्याने बसवून घेतले. १९५७ पासून इथे असलेल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या किती जाती काढल्या ते सांगितले. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही नावे तो घरच्या मुलांसारखी घेत होता. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही इथलाच, १९८१ चा. डिसेंबरच्या गर्दीत एवढा वेळ कोणी दिला असता?

रात्री जवळच्या गावात जत्रा होती. आमच्याकडे देवळाची 'जात्रे', इथे 'जत्रा', आणि जत्रा म्हणजे दशावतार. मंडप साधा, बसायला एक बाकडे आणि बाजूला हार्मोनियम, मृदंग, झांज. संकासुर नाचून गेला आणि मध्यरात्र उलटल्यावर आख्यान रंगू लागले. राजाची भाषा भारदस्त मराठी, विनोद सगळा मालवणीत. लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे बोलतात. थोडा वेळ पाहून अत्ती म्हणाल्या, "नम्म बयलाटदंग ऐति." आमच्या बयलाटासारखेच आहे. कथा त्यांना पाठच होती. अडत होते ते फक्त मालवणी विनोदाशी.

इथे एक घरची गोष्ट सांगायला हवी. गेल्या जूनमध्ये लेकीच्या पीयूसीच्या अर्जात 'मातृभाषा' या रकान्यात काय लिहायचे, यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी तिने मराठी लिहिले. अत्ती तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर लेक त्यांच्याशी कन्नड बोलायची कमी झाली होती. त्या रात्री ती आजीच्या शालीत शिरून बसली आणि एकेक विनोद कानात कन्नडमधून सांगू लागली. काही शब्द मलाही कळले नव्हते. ते तिने शेजारच्या बाईंना विचारून घेतले आणि मग आजीला सांगितले. लोक हसून झाल्यावर क्षणभराने अत्ती हसायच्या. पहाटे साडेचारपर्यंत हे चालले होते.

अर्जातला रकाना आहे तसाच आहे. घरी आल्यावर त्याचा विषय निघाला नाही, पण दोघींचे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

जायचे असेल तर आठवड्याच्या मधले दिवस धरा. जत्रा तिथीप्रमाणे येतात, तेव्हा निघण्याआधी तिथल्या माणसाकडून खात्री करून घ्या. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांसाठी तासभर ठेवा. आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला जा. त्याला भक्त भल्या मोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. शाल आंबोलीसाठी आणि जत्रेच्या रात्रीसाठी हवीच. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सोडून जाऊ नका. घाट उतरणे त्यांना जड जाईल म्हणून आपण टाळतो. आमच्या अत्ती आतापासूनच पुढच्या पौषाची तारीख विचारत आहेत.