मायनस बारा आणि प्लस सहा

डिसेंबर-जानेवारीत घरी फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला. "किती आहे रे आज तिकडे?" मी आपला खरं ते सांगतो, "मायनस बारा." मग जळगावची माझी आई आणि धुळ्याच्या सासूबाई या दोघींचं एकमत होतं (एरवी हा योग दुर्मिळ आहे :) ) की पोरं तिकडे गारठून चालली आहेत. माझं उत्तरही ठरलेलं आहे आणि ते आजवर दोघींनाही पटलेलं नाही. थंडी मला कोरियात वाजत नाही, धुळ्यात वाजते.

उगाच वाकडं बोलायचं म्हणून बोलत नाही. आम्ही दोघं सोलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सुवनला राहतो. हा आमचा चौथा हिवाळा. थंडीची लाट आली की इथे पहाटे पारा मायनस बारा-पंधरापर्यंत सहज उतरतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. आकड्यांत बघाल तर सुवन अठरा अंशांनी जास्त गार. पण आकडा असतो बाहेरच्या हवेचा, आणि माणूस झोपतो घरात.

आमच्या फ्लॅटमध्ये जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात. याला म्हणतात ओन्दोल. भिंतीवरच्या पॅनेलवर बावीसचा आकडा लावला की काम झालं. घरात हाफ पँट, अनवाणी पाय, मांडी घालून जमिनीवर जेवण. चपला-बूट दाराशी काढायची पद्धत आपल्यासारखीच, त्यामुळे त्या बाबतीत आम्हाला वेगळं काही शिकावं लागलं नाही. उलट जानेवारीत सुट्टीवर धुळ्याला गेलो की पहाटे पाचला फरशीवर पाय टेकवताना देव आठवतो. घरातलं तापमान मोजलं तर पंधराच्या आसपास. बायको स्वेटर, शाल, पायमोजे असा सगळा सरंजाम करून चहा ठेवते आणि अहिराणीत म्हणते, "आठे भू थंडी शे!" कोरियाहून आलेली बाई हे धुळ्यात म्हणते, बरं का.

यात धुळ्याच्या घराचा दोष नाही. ते घर मे महिन्यासाठी बांधलेलं आहे. 45 अंशांत जगायचं म्हणून उंच छत, गार फरशी, वारा खेळता राहील अशा खिडक्या. कोरियातलं घर बांधलंय हिवाळ्यासाठी. आपण थंडीला पाहुणी मानतो. आली आहे, दोन महिने राहील, संक्रांतीनंतर जाईल. पाहुण्यांसाठी कुणी घर बदलत नाही. गोधडी काढतो, शेकोटी पेटवतो, भागवतो. माझा आक्षेप या 'भागवतो'वर आहे.

इथला रोजचा हिवाळा सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. डिसेंबरात सव्वापाचला सूर्य मावळतो. ऑफिसातून निघेपर्यंत मिट्ट काळोख. पण बसस्टॉपवरचं बाकडं बऱ्याच ठिकाणी गरम केलेलं असतं, मेट्रोतली सीट खालून ऊबदार असते. थंडीची लाट येणार असेल तर सगळ्यांच्या फोनवर सरकारी सूचना येते. त्याचा नियम ठरलेला आहे: किमान तापमान मायनस बारा किंवा त्याखाली दोन दिवस राहणार असं दिसलं की इशारा, मायनस पंधराला त्याहून कडक इशारा. आमच्या बिल्डिंगमध्ये स्पीकरवरून सांगतात की वॉशिंग मशीन लावू नका. बाल्कनीतला पाण्याचा पाइप गोठतो आणि वरच्याच्या धुण्याचं पाणी खालच्याच्या घरात शिरतं. गल्लोगल्ली म्हाताऱ्या माणसांच्या बैठकीच्या खोल्या असतात. लाटेच्या दिवसांत त्यातल्या कितीतरी खोल्या निवाऱ्याचंही काम करतात. कुणीही जाऊन ऊबेत बसावं.

आणि माणसं घरात बसून राहत नाहीत! शनिवार-रविवार आम्हीही बाहेर. सुवनचा ह्वासोंग किल्ला 1794 ते 1796 या काळात बांधलेला. त्याच्या तटावरून पावणेसहा किलोमीटरचा फेरा होतो. बर्फ पडून गेल्यावर तो फेरा मारायचा, नाक लाल करून घ्यायचं, मग कोपऱ्यावर माशाच्या आकाराचा, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलेला गरम बुंगऑप्पांग खायचा. भाजलेलं रताळं मिळालं तर बायको हटत नाही. महाशिवरात्रीची आठवण येते म्हणते, पण उपवास काही धरत नाही :)

गेल्या वर्षी आम्ही ह्वाचॉनला गेलो होतो. उत्तर कोरियाच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ, लष्करी छावण्यांचा भाग. वस्ती जेमतेम पंचवीस हजार. 2003 पासून तिथे जानेवारीत गोठलेल्या नदीवर मासे पकडायचा उत्सव भरतो. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, पोटावर पडून वाट बघायची. त्यासाठी एका हंगामात दहा लाखांहून जास्त माणसं येतात. ज्या थंडीमुळे गाव ओस पडायचं त्याच थंडीवर गावाचं वर्ष निघतं. (2020 मध्ये हिवाळा उबदार निघाला, पाऊस पडला, बर्फ धरेना आणि उत्सवाचे हाल झाले. थंडी कमी पडली म्हणून रडणारं गाव मी पहिल्यांदाच ऐकलं.)

आता लगेच कुणीतरी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे, तुमचं काय जातं बोलायला. खरंय, पैसा आहे. पण ओन्दोल श्रीमंतांनी शोधलेला नाही. ती जुनी खेड्यातली युक्ती आहे. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि ऊब जमिनीखालच्या पोकळीतून पलीकडच्या धुराड्यापर्यंत न्यायची. एकाच जाळात भातही शिजतो आणि खोलीही तापते. चुलीजवळची सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे आरेन्मोक. ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. उशिरा येणाऱ्याचा भाताचा वाडगा तिथेच पांघरुणाखाली झाकून ठेवायचे. आमच्या आजीची चुलीपाशी राखीव जागा होती, तिचीच ही कोरियन बहीण.

पुढे लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या आणि त्यांच्या विषारी वायूने दर हिवाळ्यात झोपेत माणसं गेली. मग हळूहळू नळ्या आल्या, बॉयलर आले, नियम आले. हे एका रात्रीत झालं नाही, आणि अजून पुरतं झालेलंही नाही. जुन्या वस्त्यांतून अजून कोळशाच्या वड्या जळतात आणि हिवाळ्यात स्वयंसेवक रांग करून त्या हातोहात घरोघरी पोचवतात. जानेवारी 2023 मध्ये गॅसची बिलं अशी फुगली की सगळ्या देशात ओरड झाली. म्हणजे थंडी हा तिथे बोलायचा, भांडायचा, सरकारला जाब विचारायचा विषय आहे. आपल्याकडे तो फक्त फोटोचा विषय आहे.

आणि खान्देशात थंडी कुणाला वाजते हे एकदा नीट बघा. मला नाही, मी आठ दिवसांचा पाहुणा. ती वाजते गव्हाला, हरभऱ्याला, केळीला पाणी द्यायला रात्री दोन वाजता शेतात उभ्या असलेल्या माणसाला. शेतीची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की सहा अंशांत अनवाणी पायांनी चिखलात उभं राहून दारं धरायची. शिवाय साप, विंचू आणि अंधार आहेतच. केळीला थंडी सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. म्हणून आपल्याकडचा शेतकरी रात्री बांधावर धूर करतो, बागेला पाणी देतो. बागेची ऊब सांभाळायची युक्ती आपल्याकडे आहे, पण ती सांभाळणाऱ्या माणसाच्या ऊबेचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही. तसाच चाळीसगाव, धुळ्याकडून ऊसतोडीला गेलेला माणूस. पाचटाच्या कोपीत लेकराबाळांसकट अख्खा हिवाळा काढतो. आणि पहाटेच्या पहिल्या एस्टीसाठी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर आकसून बसलेली म्हातारी आपण सगळ्यांनीच बघितली आहे.

आपल्या हवामान खात्याकडेही व्याख्या आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, की झाली थंडीची लाट. व्याख्या झाली, बातमी झाली. पुढे काय करायचं? उन्हाळ्यात आता 'दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या' एवढं तरी सांगतात. हिवाळ्यासाठी मला जमिनीखालच्या नळ्या नकोत. मला शेतीला दिवसा वीज हवी. त्यासाठी सौर फीडरची योजना राज्यात आहे, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्तीही आली. तिचं यश मी मेगावॉटमध्ये मोजणार नाही. रात्री दारं धरायला जाणारी माणसं किती कमी झाली, त्यात मोजेन. लाटेच्या दिवसांत सकाळची शाळा तासभर उशिरा भरावी. स्टँडवर एक खोली रात्रभर उघडी असावी, दार-खिडक्या नीट लागणारी. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका, हे दर हिवाळ्यात ओरडून सांगावं. यात परदेशातून आणण्यासारखं काहीच नाही.

आणि हो, बाहेर पडा. हे मात्र आपल्याला इतरांनी शिकवायची गरज नाही. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, पातीचा कांदा, कळण्याची भाकरी आणि शेतातली पंगत. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ह्वाचॉनचा मासा एवढा गाजतो, मग आपलं वांगं कुठे कमी पडतं? इथली वांगी लांब आणि सडपातळ, आमची शेगडी विजेची, त्यामुळे सुवनमध्ये भरीत हा विषयच संपला. सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, अडावदजवळ उनपदेवला सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, पाटणादेवीचं जंगल आहे, धुळ्याच्या वेशीवर लळिंगचा किल्ला आहे. मे महिन्यात यातलं काहीही जमत नाही. खान्देशात माणसाने उंडारायचे दिवस हेच.

पण त्या भरिताच्या पंगतीत ज्याच्या शेतात बसला असाल, त्याला एवढं जरूर विचारा की वांग्याला पाणी दिवसा दिलंस की रात्री. उत्तर 'दिवसा' आलं, तर भाकरी अजून एक घ्या.