पावती फाटणार नसेल, तरी सिग्नल पाळायचा?



आपला माणूस पक्कं बिल देतो, जीएसटी वेळेवर भरतो, रविवारी चर्चलाही जातो. आणि सोमवारी जळगावात जुन्या 6 नंबर हायवेला, नाहीतर धुळ्यात मुंबई-आग्रा हायवेला, वळसा वाचवायला गाडी राँग साइडने घालतो. विचारलं तर म्हणतो, "एवढ्याने काय पाप लागतं?"

माझं मत स्पष्ट आहे. लागतं.

रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय काढा. सरकारचं ऐका, पण नुसत्या शिक्षेच्या भीतीने नाही, विवेकासाठीही, असं पौल सांगतो. पोलीस दिसला म्हणून थांबणं ही भीती. रात्री 11 ला चौक रिकामा असताना थांबणं हा विवेक.

कुणी म्हणेल, "माणसांपेक्षा देवाचं ऐका, असंही बायबलमध्ये आहे ना?" आहे, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5. पण तिथे पेत्राला येशूच्या नावाने शिकवायलाच बंदी होती. हेल्मेटने कुणाची श्रद्धा अडते?

आता धंद्याकडे या. अनुवाद 22:8 मध्ये नियम आहे: नवं घर बांधलं तर गच्चीला कठडा करा, म्हणजे कुणी पडलं तर रक्ताचा दोष तुमच्या घरावर येणार नाही. म्हणजे कुणी पडायच्या आधीच सोय करणं मालकाचं काम. तुमच्या डिलिव्हरीच्या पोराचं हेल्मेट हा तोच कठडा आहे.

"10 मिनिटांत पोच, नाहीतर पगार कापतो" म्हणणारा मालक स्वतःच सिग्नल तोडत असतो, फक्त हँडल पोराच्या हातात असतं. रावेर-यावलचा केळीचा ट्रक जास्त भरायला लावणारा व्यापारीही तसाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे, वर जादा टनामागे 2,000. तो भरता येईल हो! पण ब्रेक लागला नाही, तर समोरच्या सायकलवाल्याचा हिशोब कोणत्या खात्यात टाकणार?

जीव वाचवायला नियम बाजूला ठेवावा लागतो, हे येशूलाही मान्य होतं. शब्बाथ असला तरी विहिरीत पडलेला बैल काढायचाच. पण डिलिव्हरीला 5 मिनिटं उशीर म्हणजे विहिरीतला बैल नव्हे.

या आठवड्यात तीन कामं करा:

1. पोराला दुकानाच्या खर्चाने हेल्मेट द्या.
2. डिलिव्हरीची वेळ वळसा धरूनच सांगा.
3. उशीर झाला तर गिऱ्हाइकाला फोन तुम्ही करा, बोलणी त्या पोराला खाऊ देऊ नका.