कानाचं ऑपरेशन यशस्वी झालं, पण तुम्ही समाधानी आहात का?

सर्दी झाली की कान वाहायला लागतो. कापसाचा बोळा घालून माणूस कामाला जातो, ड्रॉप्सनी काही दिवस बरं वाटतं आणि पावसाळ्यात पुन्हा तेच. अनेक घरांत याला आजार म्हणतच नाहीत. ‘लहानपणापासून कान फुटलाय’ म्हणून सोडून देतात. पण हा मध्यकर्णाचा जुना संसर्ग असू शकतो. औषधांनी तो थांबत नसेल किंवा पडद्याचं छिद्र भरत नसेल, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवतात.

ऑपरेशननंतर मात्र बऱ्याचदा एक गोंधळ होतो. डॉक्टर म्हणतात, ‘मस्त, कान कोरडा झालाय.’ पेशंट म्हणतो, ‘पण मला पूर्वीसारखं ऐकू कुठे येतंय?’ दोघंही खरंच बोलत असतात. फक्त दोघांनी यश वेगवेगळ्या मापानं मोजलेलं असतं.

तुमचं ऑपरेशन नेमकं कशासाठी?

पडद्याला फक्त छिद्र असेल, तर टिंपॅनोप्लास्टी करतात. कानाच्या वरच्या भागातल्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाचीच थोडी कूर्चा घेऊन नवा पडदा बसवतात. आतली तीन छोटी हाडं शाबूत असतील, तर ऐकणंही सुधारण्याची चांगली शक्यता असते.

पण कानात कोलेस्टिएटोमा असेल, तर गोष्ट वेगळी. यात पडद्यामागे त्वचा साठत जाते आणि हळूहळू हाड पोखरते. दुखत नाही म्हणून लक्षातही येत नाही. ती पुढे चेहऱ्याच्या नसेपर्यंत, आतल्या कानापर्यंत, अगदी मेंदूपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी मॅस्टॉइडचं ऑपरेशन करतात. तिथे पहिलं काम रोग मुळापासून काढून कान सुरक्षित करणं हे असतं, ऐकण्याचा विचार त्यानंतर. काही वेळा त्यासाठी दुसरं ऑपरेशनही लागतं.

हा फरक आधी कळला नाही, तर यशस्वी ऑपरेशनही फसल्यासारखं वाटतं.

समाधान मोजता येतं?

हो. ऐकण्याची चाचणी म्हणजे ऑडिओग्राम डेसिबलमध्ये आकडा देते, पण आयुष्य किती सोपं झालं ते सांगत नाही. म्हणून कानाच्या या आजारासाठी खास प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. कॉमक्यू-१२ मध्ये १२ प्रश्न आहेत, तर झुरिकच्या प्रश्नावलीत २१. कान वाहणं, गोंगाटात ऐकणं, कानात आवाज येणं, आजाराचा मनावर आणि रोजच्या कामांवर होणारा परिणाम अशा गोष्टी त्यात विचारतात. म्हणजे चारचौघांत कानाचा वास येईल ही धास्ती गेली असेल, तर तोही फायदाच. तो ऑडिओग्राममध्ये दिसणार नाही.

ऑपरेशनपूर्वी हे विचारा

• माझ्या कानात फक्त छिद्र आहे की कोलेस्टिएटोमा?
• या ऑपरेशनचा पहिला उद्देश काय: कान कोरडा करणं, सुरक्षित करणं की ऐकणं सुधारणं?
• ऐकणं किती सुधारेल? नाही सुधारलं तर श्रवणयंत्राचा उपयोग होईल का?
• चव बदलणं, चक्कर, कानात आवाज यांची शक्यता किती?
• नंतर किती वर्षं तपासणीला यावं लागेल?

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि डॉक्टरांशी दुसऱ्या भाषेत बोलावं लागत असेल, तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या. सोबत घरातलं कुणी असेल तर आणखी चांगलं.

नंतरचे दिवस

सुरुवातीला कानात पॅक असतो, त्यामुळे ऐकू कमीच येतं. घाबरू नका. खरा अंदाज काही आठवड्यांनी, नव्या ऑडिओग्रामनंतरच येतो. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. विमानप्रवास, पोहणं आणि जड उचलणं डॉक्टरांना विचारूनच. घरातल्यांनी कितीही प्रेमानं आग्रह केला, तरी कानात कोमट तेल घालू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉलोअप. ‘ऐकू तर येत नाही, मग जायचं कशाला?’ असं म्हणून नाराज पेशंट तपासणी सोडून देतात. कोलेस्टिएटोमा मात्र पुन्हा होऊ शकतो, तोही गुपचूप. काही ऑपरेशननंतर कानात राहिलेली पोकळीही वेळोवेळी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते. जुना कानाचा त्रास असताना चेहरा वाकडा होणं, गरगरणं किंवा तापाबरोबर तीव्र डोकेदुखी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

समाधान वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुढचा उपाय, मग ते दुसरं ऑपरेशन असो किंवा श्रवणयंत्र, त्या बोलण्यातूनच निघतो.