वऱ्हाड कोणाचं?

मेसमध्ये महिन्यातून एकदा तरी स्वतंत्र विदर्भावर भांडण होतं. बहुधा डाळीत पाणी जास्त असतं त्या दिवशी. एका टेबलावर नागपूर-चंद्रपूरवाले, दुसऱ्यावर पुण्या-नाशिकचे, आणि मध्ये आम्ही बाभुळगावचे. परवा एकाने विचारलं, "तू तर विदर्भातला ना बे, मग काहून चूप?" मी म्हटलं, मी आधी वऱ्हाडातला. सगळे हसले. "कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड?"

हसा. पण वऱ्हाड हा एकेकाळी पुरता प्रांत होता आणि त्याचा कारभार कसा चालला हे ठाऊक नसताना आपण भांडतो, म्हणून हा लेख. पास क्लासवाल्याने इतिहासावर लिहू नये असा काही नियम नाही.

१४९० मध्ये फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याने बहमनी राज्यातून फुटून इथे इमादशाही उभी केली. राजधानी अचलपूर. १५७४ मध्ये ती निजामशाहीने गिळली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेलं. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची सोळा 'सरकारं' दिली आहेत. तेव्हा सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा, त्याखाली परगणे किंवा महाल. त्यातलं एक सरकार कळंबचं. आपलं शेजारचं कळंब, जिथे आपण चिंतामणीच्या दर्शनाला नाही तर बस बदलायला उतरतो! आणि यवतमाळमधलं 'माळ' म्हणजे माळरान नव्हे. ते यवत-महाल, महसूल गोळा करायचं एक खातं. आपल्या जिल्ह्याचं नावच मुळी वसुलीच्या वहीतून आलेलं आहे.

खरी गंमत पुढे आहे. अठराव्या शतकात निजाम म्हणे सुभा माझा, आणि नागपूरचे भोसले म्हणत वसुलीत आमचा वाटा. दोघांचेही अंमलदार एकाच मुलखात फिरत. याला 'दोअमली' म्हणत. शेतकऱ्याच्या दारात दोन माणसं यायची, दोघंही घ्यायला. पेंढारी आले, दुष्काळ पडला, तर द्यायला यायचं कोणी? १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडला भोसले हरले, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या अलीकडचा मुलूख निजामाकडे गेला. दोअमली संपली म्हणता म्हणता मक्ते सुरू झाले. हैद्राबादचा सावकार पूरणमल याच्याकडे वऱ्हाडाचा बराचसा भाग मक्त्याने होता. मक्तेदाराची मुदत थोडी, म्हणून हात लांब.

मग १८५३. निजामाच्या नावावर एक फौज होती, हैद्राबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज चढलं आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं गेलं. शेत गहाण टाकतात तसा अख्खा प्रांत. १८६० मध्ये पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, पण वऱ्हाड नाही. कारण उघड आहे, इथे कापूस होता. खर्च वजा जाता उरेल ते निजामाला द्यायचं असा करार होता. आता खर्च किती दाखवायचा हे ठरवणारा इंग्रजच! पहिल्या सालारजंगांनी प्रांत परत मिळावा म्हणून हयातभर खटपट केली, उपयोग झाला नाही.

१९०२ मध्ये कर्झनने शेवटचा हात मारला. वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं, आणि ज्या फौजेच्या पगारासाठी हे सगळं झालं ती फौजच हिंदी सैन्यात विलीन झाली. तारण घेतलेलं कारण संपलं, तारण मात्र सुटलं नाही. सार्वभौमत्व निजामाचं, कलेक्टर इंग्रज, आणि निजामाच्या वाढदिवशी अमरावतीला त्याचा झेंडा लागायचा. १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. बाभुळगावच्या किती शेतकऱ्यांना आपला एक राजपुत्र आहे हे माहीत होतं, देव जाणे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंग्रजांनी इथे मुंबईच्या धर्तीवर मोजणी करून रयतवारी आणली, सरकार आणि कास्तकार यांच्यात जमीनदार ठेवला नाही. वर्धा नदीच्या पलीकडे मालगुजारी होती. म्हणजे ज्याला आपण मेसमध्ये एका दमात 'विदर्भ' म्हणतो, त्यात जमिनीचे दोन कायदे, दोन सवयी होत्या. नागपूरचं दुखणं आणि आमचं दुखणं तंतोतंत एक नाही, एवढंच माझं म्हणणं. (नागपूरच्या मित्रांनी चहा बंद करू नये.)

स्वतंत्र विदर्भाची मागणी पोकळ आहे असंही मी म्हणत नाही. ती करणारे लोकनायक बापूजी अणे आपल्याच वणीचे, १९३० मध्ये पुसदचा जंगल सत्याग्रह करणारे, आणि १९६२ मध्ये नागपूरहून लोकसभेवर गेले ते याच मागणीवर. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांच्या विदर्भाची शिफारस केली होती. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने आश्वासनं दिली होती. त्यातलं नागपूरचं अधिवेशन तेवढं आपल्याला दिसतं. अनुशेष मोजायला १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० मध्ये त्याची मुदत संपली.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण राजधानी किती किलोमीटरवर हवी यावर भांडतो. वऱ्हाडाने राजधान्या पुष्कळ पाहिल्या: अचलपूर, हैद्राबाद, नागपूर, मुंबई. अचलपूर तर घरातलंच होतं. राजधानी बदलली तरी घेणारा एक आणि जाब द्यायचा दुसऱ्याने, ही रीत बदलली नाही. दोअमलीत तेच, मक्त्यात तेच, पट्ट्यातही तेच.

आणि आज? बेंबळा धरण आपल्याच तालुक्यात आहे. कालव्याचं पाणी शेताला का पोचलं नाही म्हणून तहसीलला विचारलं तर यवतमाळला जा म्हणतात. विभागीय आयुक्त अमरावतीला, पाटबंधारे महामंडळ नागपूरला, मंत्रालय मुंबईला. योगायोग बघा, आजचा अमरावती महसूल विभाग म्हणजे जवळजवळ जसंच्या तसं जुनं वऱ्हाड. जपानमध्ये १८७१ नंतर जुन्या प्रांतांच्या जागी नवे जिल्हे आले, तरी सानुकी हे प्रांताचं नाव तिथल्या शेवयांत टिकून आहे. आपलं नाव ठेच्यात आणि ठशात उरलं.

पुढच्या वेळी डाळ पातळ झाली की मला हाक मारा, नकाशा घेऊन येतो. नवीन राज्याची राजधानी कुठे ते तुम्ही ठरवा. माझा प्रश्न एकच राहील, बाभुळगावचा कास्तकार अर्ज घेऊन आला तर त्याला उत्तर देणारा माणूस कोणत्या टेबलावर बसणार आणि तो टेबल बाभुळगावात असणार की नाही?