चाळीतला कांदा आणि मनातला भाव

उन्हाळ कांदा चाळीत भरला की शेतकरी व्यापारी होतो. माल आपला, भाव उद्याचा. मुंबईच्या शेअर बाजारात मनाची जी ओढाताण चालते, तीच लासलगाव-पिंपळगावला चालते. फरक एवढाच, शेअर सडत नाही, कांदा सडतो.

हिशेब पाहा. समजा, मे महिन्यात १०० क्विंटलला १२०० रुपये भाव आहे. म्हणजे १ लाख २० हजार. चार महिन्यांत घट, सड, कोंब धरून ३० क्विंटल गेला, तर उरलेल्या ७० क्विंटलला १७१४ रुपये मिळाले तरच बरोबरी. निवडाईची मजुरी न् सोसायटीचं व्याज वेगळंच. पण १५०० भाव निघाला की आपण म्हणतो, "तीनशे सुटले!" प्रत्यक्षात १५ हजार गेलेले असतात.

दुसरी गोष्ट सरकारची. २९ सप्टेंबर २०१९ आणि १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली, १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. चाळीतल्या कांद्याला भाव चढू लागला की हा घाव बसतो. हे धोरण चुकीचंच आहे, त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण तीनदा जे झालं, ते चौथ्यांदा होणारच नाही असं धरून सगळा माल अडवून ठेवणं हेही शहाणपणाचं नाही.

मग लोक का अडवतात? डिसेंबर २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या बाजारांत कांदा क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. तो एक भाव डोक्यातून जात नाही. अवकाळी पावसानं पीक बुडालं म्हणून तो आला होता, हे मात्र विसरतो. भाव चढला की "अजून थांबू", आणि पडला की सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच दिवशी बाजाराच्या गेटावर. मग भाव आणखी पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : चाळ भरतानाच, डोकं थंड असताना, वहीत लिहा. खर्च किती, घट धरून कोणता भाव परवडतो, कोणत्या महिन्यात किती माल काढायचा. तीन-चार टप्पे करा. कर्जाच्या हप्त्याएवढा माल पहिल्यांदा विका. तो जुगारात ठेवू नका. आणि वहीतली तारीख आली की पारावरच्या गप्पा न ऐकता गाडी भरा. पुढं भाव वाढला तर हळहळू नका, उरलेला टप्पा चाळीत आहेच.