बोली मराठीत, कागद कन्नडमध्ये

बेळगावभोवतीच्या कुठल्याही खेड्याच्या वेशीवर उभे राहा. कालपरवापर्यंत जिथे भाताचे शिवार होते, तिथे आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. दोन गुंठे, तीन गुंठे असे तुकडे पाडून जागा विकली जाते. विकणारा गोड मराठीत बोलतो. ‘एन. ए. काय, आज ना उद्या होणारच की,’ असा दिलासा देतो. एकदा पैसे दिले की तो गप्प होतो आणि पुढचे सगळे कागद बोलतो. तो कागद मात्र कन्नडमध्ये बोलतो.

आमच्या नात्यातल्या एका निवृत्त जवानाचे असेच झाले. सतरा वर्षे पलटणीत काढून हाती आलेली पुंजी त्याने दोन गुंठ्यांत घातली. बाँड पेपर, नोटरीचा शिक्का, साक्षीदार, पेढे, सगळे यथासांग झाले. घर बांधायचा परवाना मागायला गेला तेव्हा कळले की जमीन अजून शेतीचीच आहे, आराखड्यात ती हरित पट्ट्यात दाखवली आहे आणि उताऱ्यावर नाव मूळ मालकाचेच आहे. खरेदीपूर्वी त्याने उतारा पाहिला नव्हता का? पाहिला होता. पण तो त्याला वाचता येत नव्हता.

काही साध्या गोष्टी प्रत्येक सीमावासीयाने ध्यानात ठेवाव्यात. शेतजमीन बिगरशेती करण्याची तरतूद कर्नाटक भू-महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ मध्ये आहे. त्यासाठीचा अर्ज जमिनीच्या कब्जेदाराने करायचा असतो. बाँड पेपर हातात धरून बसलेला खरेदीदार कायद्याच्या नजरेत कब्जेदार नव्हे. म्हणजे परवानगी मागायची ती मालकाने आणि तीही आपण पैसे मोजण्याआधी. या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून आजचा नियम दलालाच्या तोंडून न ऐकता कचेरीतून लेखी घ्यावा. शिवाय एन. ए. झाले म्हणजे सारे झाले असेही नाही. १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली प्लॉट पाडण्याच्या नकाशालाही मंजुरी लागते. बेळगाव शहर आणि लगतच्या गावांपुरते हे काम ‘बुडा’कडे आहे.

२०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. दलालांनी याचा सोयीस्कर अर्थ लावला. पण जमीन घेण्याची मुभा म्हणजे त्यावर घर बांधण्याची परवानगी नव्हे!

आता भाषेचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची गावे कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातली गेली. आजोबांच्या ट्रंकेतले जमिनीचे कागद मराठीत, काही मोडीत आहेत. नातवाच्या हातातला संगणकीय उतारा कन्नडमध्ये आहे. मराठी कागदपत्रांची मागणी केली की ‘भावनेचे राजकारण’ म्हणून हिणवले जाते. जन्माची कमाई ज्या कागदावर अवलंबून आहे तो वाचता यावा, यात कसले राजकारण? आमचे कन्नड भाषेशी भांडण नाही. कन्नड शेतकऱ्याला आपला उतारा आपल्या भाषेत वाचता येतो, तेवढेच आम्ही मागतो.

घटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडता येते. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. आराखड्यात कुठले शिवार हिरवे आणि कुठले पिवळे, याहून महत्त्वाची सूचना ती कोणती?

पण सरकारकडे बोट दाखवताना आपणही जरा अंतर्मुख व्हावे. आमच्या माणसांना लुबाडणारे दलाल पुष्कळदा आमच्याच गल्लीतले असतात. त्यांच्या मराठीवर विसंबून आपण डोळे मिटून अंगठा देतो. तेव्हा संचकार देण्यापूर्वी बिगरशेतीचा आदेश आणि नकाशाची मंजुरी मालकाकडून मागा. कागदावर ‘भू परिवर्तने’ आणि ‘कृषियेतर’ हे शब्द कुठे आहेत ते जाणकाराकडून दाखवून घ्या. आदेश अजून मिळाला नसेल, तर तो मिळाल्यावरच खरेदी आणि न मिळाल्यास रक्कम परत, अशी अट संचकारपत्रात लिहून घ्या. त्याची मराठी प्रत करून घरात चारचौघांत वाचा. खरेदी सब-रजिस्ट्रारपुढेच करा. शंका असेल तर तहसीलदारांना मराठीत अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

गावोगावच्या युवक मंडळांनी कन्नड वाचणारा एक मुलगा यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ देवळात बसवला, तरी कित्येक घरे वाचतील. मराठी कागदांसाठीचा लढा चालूच राहील, राहिलाच पाहिजे. तो जिंकेपर्यंत आपली जमीन आणि आपला पैसा आपल्यालाच राखायचा आहे. न वाचलेल्या कागदावर सही करू नका.