कमी आवाजाची गोळी

परवा साताऱ्याहून भाचा आला होता. त्याच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची पॉइंट टू टू रायफल आहे. चहा घेता घेता म्हणाला, "मामा, तुम्ही एनसीसीत होता ना? कमी आवाजाची गोळी कुठली घ्यावी?"

प्रश्न साधा होता, उत्तरही आहे. या रायफलीची वेगवान गोळी सेकंदाला सुमारे 380 मीटर जाते, म्हणजे आवाजापेक्षा जोरात. त्यामुळे बाराच्या धडाक्याबरोबर हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाडही होतो. साधी, 'स्टँडर्ड' गोळी 320-330 मीटरने जाते, तो कडाड टळतो. नेमबाज हीच वापरतात, पण शांततेसाठी नव्हे. वेगवान गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना डगमगते, वाऱ्यानेही जास्त सरकते. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम 10.4 मिलिमीटरचं! आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला कांस्यपदक आणलं, ते याच हळू गोळीच्या खेळात. त्यातही प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, म्हणून चार प्रकार झाडून बघायचे आणि मगच पेटी घ्यायची.

हे सगळं रेंजवरचं. भाच्याला हवी होती उसाच्या फडासाठी.

मी विचारलं, "आवाज कमी कशाला रे?" तर म्हणे, वस्ती जवळ आहे, लोक कुरकुरतात. इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. वस्ती जवळ आहे म्हणूनच तर आवाज हवा! हळू गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. शिशाची गोल तोंडाची गोळी दगडावरून, पाण्यावरून उसळते. फडापलीकडे कोणी भांगलायला बसलेलं असलं तर त्याला आवाजाने निदान सावध तरी होता येतं. शिवाय एवढ्याशा गोळीने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. आणि वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारता येत नाही, हे भाच्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आणखी हळू, जवळजवळ बिनआवाजी गोळ्याही मिळतात. त्यांची मला धास्तीच आहे. एकदा एनसीसीच्या कॅम्पात एका मुलाचा बार नुसता फुसकन झाला. काडतूस अधू निघालं होतं. त्याला वाटलं गोळी गेली. तो बोल्ट ओढून दुसरी भरणार, एवढ्यात हवालदारांनी त्याचा हात धरला. पहिली गोळी नळीतच अडकली होती. रेंजवर जबाबदार अधिकारी मी होतो आणि मी त्या वेळी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसलो होतो. फार दुबळ्या गोळीचं लांब नळीत तसंच होऊ शकतं. तो मुलगा आज आजोबा झालाय. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, तेव्हा माझं लक्ष त्याच्या बोटांकडे जातं.

भाच्याला म्हटलं, डुकरं हाकलायची तर सुतळी बॉम्ब लाव, डबा बडव. त्यांना आवाजाचीच भीती असते.

"पण मामा, लोक कुरकुरतात," भाचा पुन्हा म्हणाला.

"कुरकुरू देत की," मी म्हटलं आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.